विलायतेनं माकडं राखावीत

यज्ञेश्वरची गोष्ट सांगायची म्हणजे त्याला काय काय येत नव्हतं ते आधी सांगायला हवं, आणि तिथेच दिवस मावळतो. झाशीत खंडेराव गेटच्या आत आमची घरं समोरासमोर. याच्याइतका भला माणूस त्या गल्लीत झाला नाही, आणि याच्याइतका कुचकामी अख्ख्या बुंदेलखंडात नसेल. पतंग उडवायला गेला की मांज्यात हाच गुंडाळला जायचा. गणपतीच्या मेळ्यात त्याला झाडाचं काम दिलं, कारण झाडाला बोलायचं नसतं. पडदा वर गेला आणि झाड शिंकून राक्षसाच्या अंगावर पडलं. एका वकिलानं त्याला नुसतं दार उघडायला ठेवलं होतं. ते दार आत उघडतं की बाहेर, याचा घोळ मिटेना, तेव्हा वकीलसाहेब खिडकीतून ये-जा करू लागले.

आणि बायको मिळाली ती सुहासिनी! ग्वाल्हेरची. तिला येत नाही असं काही आम्हाला सापडलं नाही. पंखा दुरुस्त करायची, पाट्याला टाकी लावायची, भजन म्हणायची, भांडायचीही सुरेख. स्वतःच्या लग्नात बँडवाल्याचा ढोल फुटला, तो हिनं मुंडावळ्या मागे सारून चिकटवून दिला म्हणतात. मी पाहिलं नाही, पण माझा विश्वास आहे.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, त्या काळातली ही हकिगत. घर चालायचं सुहासिनीच्या कुरडयांवर. झाशी, ग्वाल्हेर, सागर, जिथे जिथे आपली मराठी घरं, तिथे तिच्या कुरडया जायच्या. बुंदेली शेजारणी त्यांना ‘मराठन की जाली’ म्हणत. काम मोठं नाजूक. गव्हाचा चीक शिजवायचा आणि वाफा निघत असतानाच सोऱ्यातून पिळून छतावर, पसरलेल्या धोतरावर, गोल जाळी घालायची. चीक गार झाला की संपलं, मग तो सोऱ्यातून नीट उतरतच नाही.

घरात तिसरे म्हणजे थोरले भाऊ रमाकांतदादा. विधुर गृहस्थ. जिन्याच्या तोंडाशी बाज टाकून बसायचे आणि घर सांभाळायचे. म्हणजे ओरडायचे. दुधवाल्यावर, कबुतरांवर, उन्हावर.

त्या चैत्रात जवळच्या मोठ गावाहून दत्तात्रेयमामांचा निरोप आला. मामांची तिथल्या मंडईत धान्याची अडत होती. “घरचा एक माणूस पाठवा, कायमचा.” दादांनी क्षणभरही विचार केला नाही.

“यज्ञू एकटा जाईल, घर चालवायला सुहासिनी इथे हवी. अक्षय्य तृतीयेला मामांचा ट्रक येतोय, त्यातच बसवून देऊ. इथे तरी त्याचा काय उपयोग?”

यज्ञेश्वरनं माळ्यावरून ट्रंक काढली. रोज संध्याकाळी तो आणि सुहासिनी छतावर बसून हसायची, कशावर ते गल्लीला कधी कळलं नाही. त्या संध्याकाळी छतावरून हसणं ऐकू आलं नाही.

सकाळी सुहासिनी बाजेसमोर उभी राहिली. “भावोजी, ग्वाल्हेरच्या एका लग्नाच्या रुखवताच्या कुरडया तोवर घालायच्या आहेत. त्यात यांचा उपयोग झाला, तर नका पाठवू.”

“झाला तर!” दादा असे हसले की बाज करकरली.

आता छतावर एक मोठी अडचण होती. माकडं! आमच्या गल्लीतली माकडं फक्त सुहासिनीला भ्यायची. तिनं नुसती काठी उचलली की किल्ल्यापर्यंत पळायची. म्हणून दादांनी कामाची वाटणी करून दिली. “जो ज्यात पटाईत, त्यानं ते करावं. माकडं राखण्यात सुहासिनीचा हात धरणारा कोणी नाही. ती काठी घेऊन उभी राहील. यज्ञू बसून सोऱ्या फिरवील. बसून करायच्या कामात काय बिघडवणार आहे?”

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मलाही पटलं होतं. माकड एक फिरकलं नाही. आणि यज्ञेश्वरनं काय घातलं ते बघायला गल्ली लोटली. कुरडई नव्हतीच ती. कुठे गोळा, कुठे गाठोडं, एक तर हुबेहूब दादांच्या टोपीसारखी. सुहासिनी दहा घालील तेवढ्या वेळात याची एक व्हायची, आणि ती एक रुखवतात मांडली असती तर लग्न मोडलं असतं.

आमच्या माडीवर नीलकंठ नावाचे एक तरुण प्रोफेसर भाड्यानं राहायचे. नागपूरचे, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. ते कठड्याशी उभे राहून हा प्रकार बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं यांचंच लग्न ठरलं.

“दादासाहेब, चुकतंय तुमचं! विलायत आणि पोर्तुगाल ऐका.”

माझी शाळा खेड्यातली. आमच्या नकाशावर पोर्तुगाल होता तिथेच खिळा ठोकलेला होता, त्यामुळे मी कान देऊन ऐकलं. दोन देश, म्हणाले. दोघांनाही कापड विणता येतं आणि दारू गाळता येते—

“आमच्या घरात दारूचं नाव काढायचं नाही,” सुहासिनी म्हणाली.

“बरं, कुरडया आणि माकडं. तुम्ही पोर्तुगाल. दोन्हीत सरस. यज्ञेश्वरराव विलायत, दोन्हीत मागे. पण किती मागे ते बघा ना! कुरडयांत तुमच्या दहाला यांची एक. माकडं तुम्ही दहा हाकलता, तेवढ्यात हे?”

“पाच,” यज्ञेश्वर म्हणाला. “दमलेली असली तर.”

“झालं तर! माकडांत हे दुप्पट वाईट, कुरडयांत दसपट वाईट. तुम्ही काठी धरली की दहा कुरडया बुडतात, यांनी धरली की एकच बुडते, आणि तीही असली! विलायतेनं माकडं राखावीत. याला तुलनात्मक लाभ म्हणतात.”

“म्हणजे जो कमी नालायक, त्याला ते काम?” दादांनी विचारलं.

“नाही, नाही! जो ज्यात कमी नालायक, त्याला ते काम.”

तेव्हापासून यज्ञेश्वरला गल्लीत विलायत म्हणू लागले. सुहासिनी सोऱ्याशी बसली. काय सांगू महाराज, तारेसारख्या कुरडया भराभर धोतरावर उतरू लागल्या. आणि विलायत काठी घेऊन उभा राहिला. काठी पहिल्या सकाळीच माकडांनी नेली.

दहातल्या तीन कुरडया माकडं खायची. दादांना तेवढंच दिसायचं. “तीन गेल्या! पोर्तुगाल काठीशी असताना एक तरी जात होती का?”

“तेव्हा होतीच एक,” प्रोफेसर कळवळून म्हणायचे. “आता सात उरताहेत!”

“पण तीन गेल्या की नाही? हो की नाही सांगा!”

यावर कोणत्याही कॉलेजात उत्तर नाही.

काठी गेल्यावर यज्ञेश्वरनं माकडांची समजूत घालायला सुरुवात केली. कठड्यावर बसून हात जोडून बोलायचा. शेजारचा कल्लू पानवाला ओरडला, “काए विलायत भैया, बंदरन से का बतिया रए?”

“समझा रहा हूँ जी.”

माकडांच्या टोळीत एक दांडगा, कान फाटलेला म्होरक्या होता. लोक त्याला दरोगाजी, म्हणजे फौजदारसाहेब, म्हणत. त्यानं समजूत ऐकता ऐकता यज्ञेश्वरचा चष्मा काढून घेतला. हा चाचपडत कोपऱ्यात गेला, हाताला लागलं ते उचलून पुढे धरलं. ती त्याचीच जुनी कुरडई होती, टोपीसारखी. दरोगाजींनी हुंगली. खाल्ली. चष्मा परत दिला. मग तिथेच बैठक मारली आणि दुसरी मागितली. आणि ओरछा गेटकडची टोळी छतावर उतरली, तेव्हा दरोगाजींनीच तिला असं पिटाळलं की शेपट्या तेवढ्या दिसल्या.

दुसऱ्या दिवसापासून तोच रिवाज पडला. सकाळी दरोगाजींना गाठोड्यासारख्या चार कुरडया, आणि दिवसभर छतावर परक्या माकडाची सावली नाही. धोतरावरची एक जाळी हलेना. विलायत चष्मा लावून पोर्तुगालशी गप्पा मारायचा. पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं.

आणि अक्षय्य तृतीया जवळ आली तेव्हा यज्ञेश्वरच्या वाईट कुरडया संपल्या.

सुहासिनीनं स्वतःची एक चांगली कुरडई देऊन पाहिली. दरोगाजींनी ती नाकाशी धरली आणि गल्लीत फेकली. कठड्यापलीकडे ओरछा गेटवाले जमायला लागले.

“मीच घालते वाईट,” ती म्हणाली आणि बसली. पण हाताला सवय नाही हो! बिघडवायला जावं तर जाळी आणखी देखणी व्हायची. डावा हात लावला, डोळे मिटले, पाठमोरी बसली. कुरडई चंद्रासारखी. शेवटी सोऱ्या आपटून ती रडकुंडीला आली. “मला येत नाही!”

असं तिच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. यज्ञेश्वरनं हळूच तिच्या हातातला सोऱ्या घेतला. “सरक. थोडा चीक गार होऊ दे.” आणि पहिलीच अशी घातली की दरोगाजी कठड्यावर उभे राहिले.

“निरपेक्ष लाभ!” प्रोफेसर माडीवरून किंचाळले. “यात विलायत सरळसरळ वरचढ आहे! तुलनेची गरजच नाही!”

रुखवताच्या कुरडया डब्यांत भरल्या गेल्या, दरोगाजी राखायला लागल्यापासून एकही न गमावता. पण तृतीयेच्या सकाळी मामांचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलाच, आणि मामांचे मुनीम जयसिंग वर आले.

“उपयोग झाला, कबूल,” दादा म्हणाले. त्यांनाही ते जड गेलं. “पण मामांना शब्द दिलाय. घरचा माणूस गेला पाहिजे. यज्ञू, ट्रंक उचल.”

सुहासिनीनं मुनीमजींना पन्हं दिलं आणि सहज विचारलं, “तिथे काम काय असतं, भैया?”

“काम कुछ खास नहीं, बहूजी,” जयसिंग म्हणाले. “मामाजी का गला बैठ गया है. बस, काँटे के पास बैठकर दिनभर हमालों पर चिल्लाना है.”

प्रोफेसरांनी दादांकडे पाहिलं. मी पाहिलं. दरोगाजींनीसुद्धा पाहिलं.

“भावोजी,” सुहासिनी अगदी मऊ आवाजात म्हणाली, “इथे ओरडायचं काम मी करीन. चीक ढवळता ढवळता होतं. तिथे मात्र तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही.”

“हमाल किती आहेत?” दादांनी मुनीमजींना विचारलं.

“चालीस, जी.”

“आणि ऐकतात?”

“सुनना ही पड़ता है. पगार उसी की है.”

दादांचा चेहरा मी जन्मात इतका कोवळा झालेला पाहिला नव्हता. पत्नी गेल्यापासून त्या माणसाचं कोणी ऐकलंच नव्हतं. त्यांनी स्वतःची बाज स्वतः खाली उतरवली आणि ट्रकवर चढवली. ड्रायव्हर गाडी फिरवू लागला, तोवर ते त्याच्यावर तीनदा ओरडले होते, आणि आवाज असा मोकळा लागला होता की कल्लूनं पानाची टोपली बाजूला घेतली.

ट्रक गेटातून बाहेर पडताना दादांनी मागे वळून छताकडे बोट रोखलं आणि गरजले, “यज्ञू! कुरडया वाईटच घालायच्या! एक जरी चांगली जमली तर गाठ माझ्याशी आहे!”

“हो दादा!” यज्ञेश्वर वरून ओरडला, आणि गार झालेल्या चिकाकडे वळला.