तोमेच्या घराची शाकारणी

कुरोतानी गावातलं कुठलंही छप्पर एकट्याच्या हातानं शाकारलं जात नसे. घरं तीस. दर वसंतात बर्फ वितळला की एका घराची पाळी यायची. प्रत्येक घरातून माणूस आणि ठरलेल्या गवताच्या पेंढ्या यायच्या, आणि तीन दिवसांत इर्जिक करून नवं छप्पर चढायचं. म्हणजे तीस वर्षं दुसऱ्यांची घरं शाकारावीत, तेव्हा आपल्यावर एकदा गवत पडायचं.

तोमे या गावात सून म्हणून आली तेव्हा तिच्या छपरावरचं गवत नवंच होतं. पुढे नवरा लढाईत गेला, मग सासराही गेला. तोमेनं मात्र दुसऱ्यांच्या छपरावरचं आपल्या घरच्या वाट्याचं काम एकदाही चुकवलं नाही. बायकांनी खाली मिसोचं सार ढवळायचं आणि पुरुषांनी वर चढायचं अशी रीत होती. ती वर चढायची. "आमच्या घरचा पुरुष मीच," म्हणायची, आणि कुणी हसलंच तर त्याच्या हातावर जरा जोरानंच पेंढी फेकायची. आता पुढच्या वसंतात तिच्या घराची पाळी होती. उत्तरेची बाजू कुजली होती. आणखी एक हिवाळा ती कशीबशी काढेल, दुसरा नाही.

गवताचा माळ गावाच्या सामाईक मालकीचा. शरदात घंटा वाजली की दोन दिवस तो मोकळा व्हायचा. ज्याच्या घरचे हात जितकं कापतील तितकं त्याचं. घंटेआधी विळा लावायचा नाही. आणि ज्याच्या पेंढ्या भरल्या नाहीत, त्याचं नाव पाळीतून उडायचं.

त्या वर्षी शेजारचा यासुके पाय मोडून पडला होता, आणि त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. घंटेनंतरच्या दोन दिवसांत एकट्या तोमेच्या हातून दोन्ही घरांचं कापून होणार नव्हतं. घंटेच्या आदल्या दिवशी तोमे पहाटे माळावर गेली, त्यांच्या वाट्याच्या पेंढ्या कापून तिनं त्यांच्या अंगणात रचल्या. लपूनछपून काही केलं नाही. येताना दोघातिघांना नमस्कारही केला.

संध्याकाळी गावचा मुखिया गेन्झो दारात आला. तिच्या नवऱ्याचा हा लहानपणचा सोबती. भांडायला आलाच नव्हता तो. त्यानं सांगितलं, एक बाटली साके घेऊन ये, चार माणसांसमोर मान लवव, विषय संपला.

"मान कशाला लववू, भावजी? त्यातली एक काडी माझ्या घरात आलेली नाही."

"उद्या जो तो शेजाऱ्याचं नाव सांगून आदल्या दिवशी विळा घेऊन जाईल, वहिनी. मग घंटा कशाला टांगायची?"

"जो तो शेजाऱ्यासाठी जायला लागला, तर घंटा हवीच कशाला?"

गेन्झोचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला समजत होतं. घंटा नसती तर हा माळ केव्हाच ओरबाडला गेला असता. म्हणूनच ती रात्रभर तळमळली. पण सकाळी उठली ती बाटली न घेता.

गावानं तिला वाळीत टाकलं. दहातले आठ व्यवहार तुटले. आग लागली किंवा मयत झाली तरच तिच्या दाराशी जायचं. त्या हिवाळ्यात कुणी तिच्याशी बोललं नाही. यासुकेही नाही. काठी टेकत तिच्या दारावरून जाताना तो जमिनीकडे बघायचा. तोमे मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "पाय बरा झाला वाटतं," आणि मुळ्याचं लोणचं चिरत राहायची.

वसंत आला तशी पाळी तिला ओलांडून पुढच्या घरावर गेली. पुढची संधी तीस वर्षांनी. तोमे आताच अठ्ठावन्न वर्षांची होती.

जुनं गवत दंवानं ओलं असताना उतरवायचं, नाहीतर त्यातली काजळी उडते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती शिडी लावून भर दुपारी चढली, कोरड्या वाऱ्यात. उत्तरेच्या बाजूचं गवत उपसून ती खाली लोटू लागली. तीस वर्षांची चुलीची काजळी धुरासारख्या काळ्या लोटानं आभाळात चढली.

खाली घंटा घाईघाईनं वाजायला लागली, आगीची. पाच-दहा मिनिटांत अख्खा गाव शिड्या, दोर, बादल्या, आकड्यांचे बांबू घेऊन अंगणात. धापा टाकत सगळे वर बघू लागले. वर काळ्याठिक्कर तोंडाची तोमे.

"आग कुठाय?" गेन्झोनं विचारलं.

"लागली नाही अजून. शिड्या आणल्यात ते बरं केलंत."

कुणीतरी हसलं. गेन्झो संतापानं लाल झाला. त्यानं सगळ्यांना परत फिरायला सांगितलं. दोघेचौघे वळलेही. पण छप्पर उघडं पडलं होतं आणि पश्चिमेला ढग चढत होते. तितक्यात यासुकेनं काठी टाकली आणि लंगडत शिडीला हात घातला.

"गवत माझ्यासाठी कापलं होतं तिनं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "बाटली आणायची तर मी आणतो."

"खबरदार," तोमे वरून म्हणाली. "आणायचीच तर काम संपल्यावर प्यायला आण."

मग दुसरी शिडी लागली, तिसरी लागली. बायका पेंढ्या आणायला आपापल्या घरी पळाल्या. गेन्झो बराच वेळ हात पाठीशी बांधून उभा राहिला. शेवटी न राहवून ओरडला, "ओल्या दोरानं बांधू नका रे, वाळल्यावर ढिला पडतो."

तिसऱ्या दिवशी आढं बांधताना दोराचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं तोमेच्या.

"वहिनी, तुझी ती माफी राहिलीच," तो हळूच म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "ओढा जरा नीट."