कामतघरचे चौकोनी डबे

भिवंडीला फिरायला कोण जातं? ऑफिसमध्ये तिघांनी हेच विचारलं. खरं सांगायचं तर मला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांची लालूच दाखवली होती. "लॅपटॉप घेऊन ये, दोन दिस काम कर, रविवारी कुंडावर नेतंय तुला," असं रमामावशी फोनवर म्हणाली आणि मी फसले.

रमामावशी म्हणजे आईची शाळेतली मैत्रीण. भिवंडीतल्या कामतघरच्या एका चाळीत तीस वर्षं बालवाडी चालवते. या खेपेच्या महापालिका निवडणुकीत वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि गल्लीतल्या बायकांनी तिलाच अपक्ष उभं करायचं ठरवलं. मग कळलं, की मतदारयादीतून तिचं नावच उडालंय. शेरा काय, तर 'स्थलांतरित'. तीस वर्षं एकाच दारात उभी असलेली बाई! यादीत नाव परत आलं नाही, तर तिला उमेदवारीचा अर्जच भरता येणार नव्हता.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने पुण्याहून कल्याण गाठलं. तिथून शेअर रिक्षा, माणशी पंधरा रुपये. दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीचा वास येतो, मग कोन गाव, आणि मग ट्रक, गोदामं, पुन्हा ट्रक. जाणार असाल तर रुमाल नाकाला बांधा आणि खिडकीची हौस असेल तर ती घरी ठेवा. रिक्षात बसते न बसते तोच मावशीचा फोन वाजला. मी लगेच उचलला.

"उचाललास कशाला गो बाय! मिस कॉल व्हता तो!"

हा तिथला कायदा. मावशीने चाळीचाळीतून चाळीसेक कार्यकर्ते जोडले होते, आणि त्यांचं सगळं काम मिस्ड कॉलवर आणि एसएमएसवर चालायचं. एक रिंग म्हणजे 'येतो' किंवा 'काम झालं'. दोन रिंगा म्हणजे 'नाही'. उचलायचं नाही, बॅलन्स जातो.

शुक्रवारी लूमना, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांना, सुट्टी असते, त्यामुळे गल्ली गजबजलेली होती. मी खाटेवर बसून मावशीच्या वहीतली नावं आणि नंबर एक्सेलमध्ये भरत होते, आणि येणारा-जाणारा डोकावून स्वतःचं नाव बरोबर आहे ना ते बघून जात होता. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. त्या चटणीसाठी मी अख्खी मतदारयादी टाईप करून दिली असती.

शनिवारी सकाळी लूम सुरू झाले आणि माझे कान गेले. त्या खटखटीत कुणाला रिंग ऐकू येत नाही, म्हणून कारागीर फोन व्हायब्रेटवर टाकून खिशात ठेवतात. मावशीने नाव परत घालण्यासाठी अर्ज केला होता, आणि मतदारयादीचे साहेब त्या दिवशी पाहणीला येणार होते. मावशी इथेच राहते असं सांगायला निदान पाच शेजारी समोर हवेत, असं त्यांनी बजावलं होतं. मावशीने मोठ्या हुशारीने त्यांच्याकडून अकराची वेळ मागून घेतली होती, कारण अकराला लोडशेडिंग सुरू होतं आणि लूम बंद पडतात. आता फक्त सगळ्यांना एक मेसेज जायला हवा होता.

नेहमीचा मेसेज इंग्रजी अक्षरांत जायचा. मी म्हटलं, छे, चांगला मराठीत पाठवू. माझ्या नव्या फोनवर मराठी दिसते, याचा मला कोण तोरा! मावशीचा फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि, गल्लीत सगळे तिला ताई म्हणतात म्हणून, टाईप केलं, 'ताईंच्या दारात या. तुमची गरज आहे.' चाळीस जणांना पाठवलं आणि चहा प्यायले.

एकही मिस्ड कॉल आला नाही.

साहेब दहा मिनिटं आधीच आले. खुर्चीत बसले, घड्याळ बघू लागले. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय, बाई," ते म्हणाले. मावशीने त्यांना चहा दिला. सगळी उठाठेव आपण केली आणि आपणच हिचं वाटोळं केलं, असं वाटून मी रडायच्या बेतात होते.

अकराला लाईट गेली. खटखट थांबली आणि पाठोपाठ गल्लीत चपलांचा आवाज आला. सगळ्यांत पुढे शकीलभाई, लूमवरचे कारागीर, केसांत कापसाचे तंतू, हातात फोन.

"ताई, ये क्या भेजा? डब्बे-डब्बे आ रहे हैं!"

बघते तर काय, स्क्रीनवर नुसते चौकोनी डबे. त्यांच्या साध्या फोनांवर मराठी दिसतच नव्हती! त्यांच्यामागे आणखी माणसं होती, प्रत्येकाच्या हातात तेच डबे. दार भरलं, ओटा भरला.

साहेबांनी विचारलं, "मेसेज वाचता आला नाही, तर आलात कशाला?"

"नंबर ताई का था ना, साब," शकीलभाई म्हणाले. "लगा, कुछ तो गडबड है."

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि एकेका शेजाऱ्याची सही घ्यायला सुरुवात केली. मावशी पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "आता रडतंस कशाला? पाणी दे समद्यांना."

रविवारी मावशीने शब्द पाळला. एसटीने वज्रेश्वरी, देवीचं दर्शन, मग कुंड. पाणी चांगलंच कढत असतं, पाय हळूहळू सोडा. मावशी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काठावर बसली होती. मी तिची माफी मागितली. "डबे गेलं म्हनून काय झालं," ती म्हणाली, "मानसं आली ना?"

पुण्यात परतल्यावर मी तो लॅपटॉप पुष्कळदा उघडला, आणि दर वेळी मला तो भरलेला ओटा आठवला. मी मदत करायला गेले होते. खरं तर त्या लोकांनी मला सावरून घेतलं, आणि त्याबद्दल एका शब्दाने कुणी बोललं नाही. मी त्यांची फार ऋणी आहे, हे इथे लिहून ठेवते.

तीन आठवड्यांनी, भर मीटिंगमध्ये, फोन वाजला. मावशी. हात पुढे गेला होता, तो मागे घेतला. एकच रिंग. म्हणजे काम झालं, यादीत नाव आलं!

मागोमाग मेसेज आला. तिने माझाच जुना मेसेज मला परत पाठवला होता. तिच्या फोनवर ते अजूनही डबेच दिसत असणार. माझ्या फोनवर स्वच्छ मराठीत होतं, 'ताईंच्या दारात या. तुमची गरज आहे.'

मी तिला एक रिंग दिली.