धुळाप्पाच्या बेहड्याचं बी

माझ्या धाकट्या जावेचा, श्रीदेवीचा बाप म्हणजे हळ्ळीखेडचा धुळाप्पा. माणूस भला, पण लाजरा असा की प्यायला पाणी मागायचं तरी चारदा खाकरायचा. पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्यांमागं हिंडलेलं घर. पोरगा नागराज बीदरला हापिसात लागला, अन् घरात शेळीचं नाव काढायची चोरी झाली. "अप्पा, वास येतो, लोक हसायलेत," म्हणायचा. मेला शिकला तो शेळ्या विकूनच, पण ते सोडा. दोन-चार शेळ्या तेवढ्या अप्पानं परसात ठेवल्या.

त्या दिसांत गावोगावची पोरं पुण्या-हैद्राबादला कामाला जायली होती, अन् तिकडचे व्यापारी इकडं औषधी झाडांची रोपं मागत फिरत होते. बेहड्याचं बी महाहट्टी, कुणाचंच धड उगवेना. धुळाप्पाचं मात्र दाट यायचं. कसं काय, म्हणून विचारलं की सांगायचा, "सावलीत वाळवायचं, राखेत घोळून मडक्यात ठेवायचं, अन् पेरायच्या आधी गोमूत्रात भिजवायचं."

राख-मडकं खरं होतं. गोमूत्र ही शुद्ध थाप!

त्याच्या शेळ्या रानात पडलेली बेहड्याची फळं खायच्या. मग परसात बसून रवंथ करताना गर गिळायच्या अन् आठळ्या थुंकायच्या. धुळाप्पा त्याच वेचायचा, अन् त्याच उगवायच्या. पण औषधाचं झाड, अन् बी शेळीच्या तोंडातलं! हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटायची. गाईचं नाव घेतलं की लोक हात जोडायचे.

आमचे सासरे अंकुशराव त्या थापेला भुलले. खटकचिंचोळीच्या आमच्या मळ्यात त्यांनी रोपवाटिका घातली, अन् धुळाप्पाची लेक म्हणून पेरणी श्रीदेवीच्या हातून करवली. अख्खी वाळली फळं गोमूत्रात भिजवून पेरली, ती कुजली. दोन वर्षं काळ्या पिशव्यांत नुसती माती. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, बोलल्या, "हिच्या हातालाच उगवण न्हाई. पोटीबी न्हाई, मातीतबी न्हाई." काय ती जीभ, माझ्या अंगाची लाही लाही झाली! श्रीदेवी मान खाली घालून पिशव्यांना पाणी घालत राहिली. शेवटी तिला माहेरी लावून द्यायचं ठरलं, अन् न्यायला बापाला बोलावणं गेलं.

धुळाप्पा आला. ओसरीवर टेकायच्या आधी त्याला मळ्यातल्या पिशव्या दिसल्या, गोमूत्राचा वास आला. त्याचं तोंड काळवंडलं.

"पावणं, पोरीचा दोष न्हाई," तो म्हणाला. "म्याच खोटं बोललो." अन् शेळ्यांचं सगळं त्यानं सांगून टाकलं, उपरण्याचं टोक पिळत पिळत. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पोरीला हितंच."

तेव्हा कुठं धुळाप्पा लेकीकडं वळला. "माय, तुला ठाव नव्हतं. माझ्या लाजंपायी तू फुकाट बोलणी खाल्लीस."

"ठाव कसं नसल, अप्पा?" श्रीदेवी म्हणाली. "ल्हानपणी परस कोण झाडत होतं? आठळ्या म्याच तर वेचून देत होते तुमाला."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमीच म्हणला होता ना, सासरी शेळीचं नाव काढू नको. सांगितलं असतं तर हे लोक तुमाला हसले असते."

म्या म्हाताऱ्यापुढं चहा ठेवला, तो तसाच गार झाला. निघताना लेक पाया पडायला वाकली, तर त्यानं पाय मागं ओढून घेतले.