हळदीची चिंधी

सारजामायच्या नवऱ्याचा डावा अंगठा दोन वर्षं बरा होत नव्हता. मी डोंगरकडा गावात नवी सून म्हणून आले तेव्हापासून बघत होते. सकाळी ती नवऱ्याला ओसरीवर बसवायची आणि त्याच्या अंगठ्याला हळद लावून चिंधी बांधायची. विचारलं की म्हणायची, "लई चिघळलंय बाई." मी भोळी, शेजारधर्म म्हणून एरंडाचं पान नेऊन दिलं. तिनं तेही बांधलं.

दाजीबांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हातारपणी विसर पडत चालला होता. बायकोलाच विचारत, "बाई, तुमी कोणाच्या?" ती हसून म्हणायची, "तुमचीच हाय, जेवून घ्या." घर ओळखू येईना, पण पाय मात्र रोज बराबर ओढ्याकाठच्या शेताकडं वळत. तिथल्या बांधावर बसले की माणूस शांत. मूलबाळ नव्हतं. पुतण्या शिरपतीचा त्या शेतावर डोळा. विक्रीच्या कागदावर काकाचा अंगठा घ्यायला तो यायचा आणि चिंधी बघून दातओठ खात परत जायचा.

शेवटी त्यानं हिंगोलीला मुन्सफापुढं अर्ज दिला की काका दिवाणा झालाय, कारभार माझ्या हाती द्या. सारजामायच्या सोबतीला मीही बैलगाडीत बसले. मुन्सफांनी चिंधी सोडायला लावली, तर आत अंगठा कसा लेकराच्या अंगठ्यासारखा साफ. मी आ वासून बघत राहिले.

"हा काय तमाशा आहे?" मुन्सफ कडाडले.

"साहेब, अंगठा त्यांचा हाय, पण कशावर उमटून राहिला ते त्यांना कळत न्हाई. म्हून म्या झाकून ठेवला."

"म्हणजे नवरा वेडा आहे, हे तुला कबूल?"

हो म्हणावं तर भर कचेरीत नवऱ्याची अब्रू जाणार. नाही म्हणावं तर अंगठा शिरपतीला मोकळा. सारजामायनं पदर सावरला.

"येडे न्हाईत. इसरलेत. त्यांचं समदं माझ्या ध्यानात हाय, मला इचारा."

मुन्सफांनी शेताच्या हद्दी, सारा, देणंघेणं विचारलं; तिनं समदं घडाघडा सांगितलं. मग त्यांनी कारभार तिच्या हाती दिला. आता दाजीबांच्या जागी तिचा अंगठा चालणार होता.

लगेच शिरपती गुळाची ढेप घेऊन "काकू, काकू" करत हजर! सारजामाय बाहेर आली ती स्वतःच्या अंगठ्याला हळदीची चिंधी बांधून. "इळ्यानं कापलं रे बाबा, लई तकलीफ हाय." भाकरी थापताना ती चिंधी सोडायची, हात धुतले की पुन्हा बांधायची. काय म्हणावं या बाईला! मी मनोमन तिच्या पाया पडले.

दाजीबा त्याच बांधावर बसल्या बसल्या गेले. तेराव्याची पंगत उठल्यावर सारजामायनं शिरपतीला जवळ बोलावलं आणि सगळ्यांदेखत चिंधी सोडली.

"आण तुझा कागद."

मी तिचा हात धरला. "माय, काहून देऊन राहिल्या?"

"त्यांचे पाय तिकडं जात व्हते बाई," ती म्हणाली. "शेत गेलं असतं तर ते कुठं गेले असते? माझं काय, मला कुठं जायाचंय."

कागद शिरपतीच्या खिशातच होता. पण तो शाई आणायला उठेना.