माझा सूर मामंजींना ठाऊक होता

मैत्रिणींनो, आज जीव भांड्यात पडला!

आमच्या यांनी माझ्यासाठी तंबोरा करायला सांगितलाय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज त्याचे कारागीर मिरजेहून सकाळच्या मोटारीनं निपाणीला आले आणि बाहेरच्या सोप्यावर मामंजींसमोरच म्हणाले, "सूनबाईंचा सूर ऐकल्याबिगर तारेची लांबी ठरत न्हाय. लांब तार वरच्या सुराला तुटती, आखूड तार खालच्या सुराला ढिली पडती."

सासऱ्यांसमोर मी कधी मोठ्यानं बोललेलेसुद्धा नाही, मग गायचं कसं? दाराआड उभी राहिले आणि घाबरत घाबरत अगदी खालच्या पट्टीत सा लावला. कारागीर म्हणाले, "मग लांबच धरूया."

तेवढ्यात मामंजी खाकरले. वाटलं, संपला तंबोरा.

"ह्यो न्हाय तिचा सूर," ते म्हणाले. "पहाटं जात्यावर लई वर गाती. तसं गा की गं पोरी."

गायले. तार चांगली वीतभर आखूड ठरली.

आणि मी समजत होते, पहाटे सगळं घर झोपलेलं असतं! तुम्ही जात्यावर बसता तेव्हा भिंतीपलीकडं कोण जागं असतं, कधी पाहिलंत का?