पाचरीला हळदीकुंकू

मी विद्यापीठात औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य या नावाचा वर्षभराचा कोर्स घेतला, तेव्हा आमच्या आत्यानं त्यातला पहिला शब्द सोडून दिला आणि उरलेल्या दोहोंचा अर्थ लावला. "म्हंजे निम्मी वॉचमन आन् निम्मी नर्स. ह्याला कालेज लागतंय व्हय?" मी तिला बराच वेळ समजावलं. कारखान्यात माणसं जशी सकाळी आत जातात तशीच संध्याकाळी बाहेर आली पाहिजेत, त्याचं हे शास्त्र. आत्या म्हणाली, "मग मधी काय हुतंय त्येंचं?"

मी मुळात हुशार, आणि ते मला माहीत असल्यामुळे जरा त्रासदायकच. पहिल्याच महिन्यात आमचं घर माझ्या तपासणीखाली आलं. आई माळ्यावरचं पातेलं काढायला स्टुलावर पाट ठेवून उभी होती. पाट कसा सरकतो, हे मी तिला खालून सविस्तर सांगत होते. ती वरून म्हणाली, "बोलून झालं की स्टूल धर." गॅसची नळी, गिझरची वायर, हेल्मेट आरशाला अडकवून गाडी चालवायची पप्पांची पद्धत, सगळ्यांवर माझं मत होतं. आणि घरच्यांचं मिळून एकच उत्तर होतं, "काय हुतंय?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न वाटतो. कोल्हापुरात तो निकाल असतो. आमचे सर पहिल्या तासाला म्हणाले होते, धोका ओळखायचा तर कामासमोर उभं राहून स्वतःला विचारायचं, काय होऊ शकतं? अख्खा वर्ग हसला. आमच्याकडे हे दिवसभर विचारलं जातं, उत्तरासाठी तेवढं कोणी थांबत नाही.

पप्पा उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवतात. पत्र्याचा तुकडा ठेवायचा, बटणं दाबायची, वरून डाय, म्हणजे पोलादी साचा, धाडकन खाली येते आणि वॉशर कापला जातो. मी तिथं जायची ती वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रं बंद. सगळी धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, कोहळा फोडतात, आणि मालक सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून पेढे वाटतात. इतकी वर्षं मी पेढे बघत होते. कोर्सला गेल्यावर पहिल्यांदा प्रेस बघितली.

तिला दोन बटणं. एक डावीकडे, एक उजवीकडे, मुद्दाम लांब लांब. दोन्ही एकदम दाबली तरच डाय खाली येते, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याची खात्री. हे मी वर्गातल्या चाचणीत आकृतीसकट लिहिलं होतं. पप्पांच्या प्रेसचं डावं बटण मात्र दाबलेलंच होतं. त्याच्या कडेला लाकडाची छोटी पाचर ठोकली होती, वापरून वापरून काळी झालेली. आणि त्या पाचरीला हळदीकुंकू वाहिलं होतं.

"पप्पा, हे काय?"

"पाचर हाय."

"आणि तिला कुंकू?"

"मग? रोज कामाला येती की ती बी."

पप्पांचं म्हणणं सरळ होतं. डावा हात मोकळा राहिला की कापलेला वॉशर झटक्यात बाहेर ओढता येतो, माल जास्त निघतो, आणि मधूनच तंबाखूची चिमूट दाढेखाली सोडायचीही सोय होते. मी विचारलं, "डावा हात आत असताना उजव्यानं बटण दाबलं गेलं तर?"

"काय हुतंय?"

याचं उत्तर मला येत होतं. वर्गात ते मी सगळ्यांच्या आधी हात वर करून, इंग्रजीत दिलं होतं आणि सरांकडून शाब्बासकीही घेतली होती. इथे समोर पप्पांचा डावा हात होता. मनगटावर घड्याळाचा जुना पट्टा, करंगळीला लागलेलं कुंकू. मला भयंकर भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही राग आला. पप्पांचा, मालकांचा, त्या पाचरीचा आणि आकृती काढून मिळवलेल्या मार्कांचासुद्धा. झेंडूच्या माळेखाली उभी राहून मी चक्क भोकाड पसरलं. मालक पेढ्यांचा बॉक्स हातात धरून जागच्या जागी थबकले.

पप्पा गडबडले. चारचौघांत रडणाऱ्या मुलीला गप्प कसं करायचं, हे त्यांना कधीच जमलेलं नाही. त्यांनी पकड घेतली, पाचर उपसली, कुंकू वाहिलेली म्हणून आधी कपाळाला लावली आणि मग खिशात टाकली.

"पोरीची परीक्षा हाय," ते मालकांना म्हणाले. "परीक्षा हुईस्तोवर न्हाय ठोकत."

"माल कमी निघंल की," मालक म्हणाले.

"निघू दे. नापास झाली तर आनी वरीसभर घरात लेक्चर दील. कोण सोसायचं?"

मालकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना ते पटलं असावं.

त्या वर्षी पास होण्याची भीती वाटणारी विद्यापीठात मी एकटीच असेन. पेपर सोपे गेले, हा आणखी एक घोर. निकाल लागला आणि मी वर्गात पहिली आले. पप्पांना सांगताना माझी नजर त्यांच्या खिशाकडेच जात होती. संध्याकाळी त्यांनी पेढे आणले आणि गल्लीत घरोघर स्वतः फिरून वाटले. आत्याला दोन दिले, एक वॉचमनचा आणि एक नर्सचा. वर्कशॉपला मात्र एकही पेढा नेला नाही. हे मला जरा लागलंच.

त्याचं कारण कळलं ते पुढच्या खंडेनवमीला. तोवर मी एका फाउंड्रीत सेफ्टीच्या कामावर लागले होते. वर्कशॉपमध्ये शिरल्या शिरल्या प्रेसकडे गेले. दोन्ही बटणं वर आलेली होती आणि दोन्हींवर कुंकू होतं. मी वाकून बघत होते तेवढ्यात मालकांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. कोल्हापूरचा माणूस आवाज खाली आणतो, तेव्हा विषय नाजूक असतो.

"बाळ, राग मानू नगंस. पप्पा म्हणत्यात, परीक्षा अजून चालूच हाय. कितव्यांदा बसलीयास?"

मी पप्पांकडे बघितलं. ते प्रेसला माळ घालण्यात नको तेवढे गुंतले होते. डाव्या हातानं दोरा धरून उजव्यानं गाठ मारत होते, आणि ती गाठ काही केल्या संपत नव्हती. वर्गात पहिली आल्याचं मी आजवर बसमध्ये शेजारी बसलेल्या बायकांनासुद्धा सांगितलं होतं.

"एक विषय निघंना झालाय, मालक," मी म्हटलं.