राणीची खाच

जेरुशा कगेहाने उभं आयुष्य किड्यांचे मेंदू शेजारी शेजारी मांडण्यात घालवलं. नैरोबीच्या प्रयोगशाळेत ती मोहरीएवढे मेंदू कापायची, रंगवायची, आणि सूक्ष्मदर्शकाच्या अंधारात जिथे जिथे डोपामीन असेल तिथे हिरवे दिवे लागायचे. मधमाशीत आठवणी सांभाळणाऱ्या भागाच्या दोन भरगच्च छत्र्या. त्से-त्से माशीत त्याच छत्र्या अगदी किरकोळ. रंगमंच एकच, पण दिव्यांची मांडणी ज्याची त्याची.

निवृत्तीला महिना उरला, तेव्हा काचपट्ट्यांच्या पेटीत एकच खाच रिकामी होती. कामकरी वाळवी झाली होती, राणी राहिली होती. एका अंधाऱ्या खोलीत जन्मभर अंडी घालत पडलेल्या त्या बाईच्या मेंदूत कुठले दिवे विझतात, कुठले उरतात, एवढं तिला पाहायचं होतं.

म्हणून ती पश्चिम केनियातल्या विहिगाला, सासरी आली. तिथे वारुळांनाही मालक असतात. हे वारूळ तिच्या नवऱ्याचं, लाबानचं. तो जाऊन वर्ष झालं होतं. दर मोसमात दोघं इथे बसून काठ्यांनी जमीन बडवत. आतल्यांना पाऊस आलासा वाटे, पंखवाल्या वाळव्या भराभर वर येत, आणि संध्याकाळी भाजून मक्याच्या घट्ट उगालीबरोबर पानात पडत.

दीर एनॉसने कुदळ आणून दिली. “खणा, वहिनी. पण राणी नेलीत की हे घर बसलं म्हणून समजा.”

“ठाऊक आहे, भाऊजी.”

“नाहीतर काठी घ्या. पण एकटीने वाजवलंत तर त्यांना पाऊस नाही वाटायचा. कुणीतरी भांडी घासतंय म्हणतील.”

ती हसली नाही. तो जरा घुटमळला आणि गुरांकडे निघून गेला.

जेरुशाने कुदळ मारली. एक ढेकूळ निखळलं आणि आतून कोरडी, घाईची टकटक सुरू झाली. शिपाई वाळव्या डोकी आपटून घरभर इशारा देत होत्या. यात नवल काही नव्हतं, तिला ते माहीतच होतं. तरी तिने मातीला कान लावला. लाबान गेल्यापासून या आवारात तिच्या कुठल्याच आवाजाला आतून उत्तर आलं नव्हतं.

तिने कुदळ ठेवली. मोडलेल्या जागी ओली माती थापली. मग एकच काठी घेऊन बसली आणि वाजवू लागली. लाबानची काठी पडायची तिथे थांबत, त्याचा ठोका मोकळा सोडत.

दिवस मावळेपर्यंत एकही वाळवी वर आली नाही. रिकामी खाच तशीच घेऊन ती नैरोबीला परतली.